आपण बाहेरगावी, जनावर घरी: पेट सिटरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन त्यांची कुत्री-मांजरं सांभाळते. काम ठरण्याआधी लोक जे विचारतात आणि काम चालू असताना रात्री अकराला जे मेसेज येतात, त्यांतलेच प्रश्न इथे घेतले आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे. आजारपणाच्या बाबतीत तुमच्या प्राण्याला तपासणाऱ्या डॉक्टरांचा शब्द माझ्या शब्दाच्या वर धरायचा.

१. पेट सिटर नेमकं करतो काय? शेजाऱ्यांना चावी दिली तर तेच होत नाही का?

कधीकधी तेच होतं, आणि शेजारी प्राण्यांत रमणारे असतील तर उत्तम होतं. खाणं घालणं, पाणी बदलणं, लिटर (मांजराच्या शी-लघवीची वाळू) साफ करणं, कुत्र्याला फिरवून आणणं यात काही विद्या नाही. पैसे देता ते बघण्याचे. काल लिटरमध्ये लघवीचे तीन गोळे होते, आज एकच आहे. कुत्रा जिना चढताना डावा मागचा पाय उचलतोय. हे लक्षात येणं आणि त्याच दिवशी तुम्हाला कळवणं हे सिटरचं काम. शेजारी ‘सगळं छान आहे’ म्हणून कळवतात, कारण मांजर सोफ्यावर बसलेलं दिसतं. आजारी मांजरही सोफ्यावरच बसतं.

शिवाय शेजाऱ्यांना कधी जमलं नाही तर तुम्ही बोलू शकत नाही. ठरवून पैसे घेतलेल्या माणसाला ‘आज राहूनच गेलं’ म्हणता येत नाही.

२. घरी सिटर बोलवावा की बोर्डिंगला (पैसे घेऊन प्राणी ठेवून घेतात त्या जागी) ठेवावं?

मांजर, ससा, पक्षी, मासे असतील तर घरीच. मांजराचा जीव जागेत असतो. नव्या जागी नेलं की कित्येक मांजरं पहिले दोन दिवस खातही नाहीत.

कुत्र्याचं तसं एकच उत्तर नाही. म्हातारा, घाबरट, दुसऱ्या कुत्र्यांशी न जमणारा किंवा लसीकरण पूर्ण न झालेला कुत्रा घरीच बरा. अनेक कुत्री एकत्र राहतात तिथे केनेल कफसारखे श्वसनाचे आजार पटकन पसरतात. उलट, चार कुत्र्यांत खूश असणारा तरुण कुत्रा बोर्डिंगमध्ये मजेत राहील. तासभरही एकटा राहू न शकणाऱ्या कुत्र्यासाठी पूर्ण वेळ घरी थांबणारा सिटर मिळत नसेल, तर चांगलं बोर्डिंग जास्त दयाळूपणाचं आहे. घरात रंगकाम किंवा दुरुस्ती काढून ‘तेवढ्यात सिटर बघेल’ असं मात्र करू नका. उघडी दारं, कामगारांची ये-जा आणि परका माणूस हे तिन्ही एकदम कुठल्याच प्राण्याला झेपत नाही.

३. दिवसातून किती फेऱ्या पुरतात? रात्री मुक्कामाला कोणी हवंच का?

धडधाकट मोठ्या मांजराला दिवसातून एक नीट फेरी किमान, दोन असतील तर उत्तम. नीट म्हणजे अर्धा-पाऊण तास. ताटली भरून पाच मिनिटांत परतणारी फेरी मी मोजत नाही.

मोठ्या कुत्र्याला सलग चार ते सहा तास एकटं राहणं जमतं, आठ तास म्हणजे अगदी शेवट. म्हणजे दिवसा तीन फेऱ्या आणि रात्री मुक्काम, असंच गणित येतं. पिल्लांसाठी ढोबळ हिशेब असा, की जितक्या महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवून जितके होतील तितके तास ते लघवी धरू शकतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास. तेवढ्या लहान पिल्लाला ठेवून जाणं टाळता आलं तर टाळाच.

‘मुक्काम’ म्हणजे किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, हे आधी बोलून घ्या. तुमच्या मनात रात्री आठ ते सकाळी नऊ असतं, सिटरच्या मनात अकरा ते सहा. अर्ध्या तक्रारी इथून सुरू होतात.

४. मांजर तर दोन-तीन दिवस एकटं राहतं ना? जास्तीचं खाणं आणि पाणी ठेवलं की झालं.

नाही. खाण्यापाण्याची सोय होते हो, पण काही बिघडलं तर ते कळायला घरात कोणी नसतं. एकदा मी एका घरी सकाळच्या फेरीला गेले तर बोका दर पाच मिनिटांनी लिटर बॉक्समध्ये जाऊन बसत होता. बसायचा, शेपूट थरथरवायचा, उठून वाळू ओढायचा. वाळू कोरडी. चौथ्यांदा बसला तेव्हा बारीक आवाजात रडला. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते. ती खड्यांनी किंवा चिकट द्रवाने बुजली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. तासाभरात त्याला दवाखान्यात नेलं म्हणून निभावलं. ‘तीन दिवसांचं खाणं ठेवलंय’ या हिशेबात तो बोका तिसऱ्या दिवशी दिसला नसता.

अन्न सुटण्याचंही तसंच. मांजराने, त्यातून जाड मांजराने, दोन-तीन दिवस काही खाल्लं नाही तर यकृतात चरबी साचून हिपॅटिक लिपिडोसिस हा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून चोवीस तास पूर्ण उपास पडला की मी डॉक्टरांना फोन करते, अठ्ठेचाळिसाव्या तासाची वाट बघत नाही. आपोआप खाणं टाकणारं यंत्र मदतीला चांगलं आहे, पण खाणं पडलं एवढंच ते सांगतं. खाल्लं का आणि कोणी खाल्लं, हे त्याला माहीत नसतं.

५. चांगला सिटर ओळखायचा कसा?

तो काय सांगतो त्यापेक्षा काय विचारतो ते ऐका. ‘मला प्राणी खूप आवडतात’ हे सगळेच म्हणतात. कामाचा माणूस विचारतो: शेवटची उलटी कधी झाली होती? दार उघडलं की बाहेर धावतो का? खाताना जवळ गेलेलं चालतं? तुमचा फोन लागला नाही तर निर्णय कोणी घ्यायचा? पंधरा मिनिटांत असा एकही प्रश्न आला नाही तर मी असते तर चहा पाजून निरोप दिला असता.

नावं मिळवायला सगळ्यात भरवशाची जागा म्हणजे तुमच्या व्हेटचा, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांचा दवाखाना. तिथले मदतनीस बरेचदा हे काम करतात किंवा करणाऱ्यांना ओळखतात. आधीच्या ग्राहकांशी बोलताना ‘कसा आहे?’ विचारू नका, त्याचं उत्तर ‘चांगला आहे’ हेच असतं. ‘त्याच्याकडून काय चुकलं होतं आणि ते तुम्हाला कधी कळलं?’ असं विचारा. चुका सगळ्यांच्या होतात, माझ्याही झाल्यात (प्रश्न ९). लपवलेली चूक मात्र पुढच्या वेळी महाग पडते.

आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. त्याच दिवसांत त्याने किती घरं घेतली आहेत? आणि प्रत्यक्ष येणार कोण, तोच की त्याचा भाऊ?

६. आधी भेटायलाच हवं का? फोनवर सगळं ठरत नाही?

भेटायलाच हवं, आणि तुमच्याच घरी. प्राणी नव्या माणसाकडे कसा बघतो हे फोनवर दिसत नाही. या भेटीत सिटरला बसून नुसतं ऐकायला लावू नका. कुलूप त्यालाच उघडू द्या. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) त्यालाच घालू द्या. मधली क्लिप कुठे अडकते हे तुम्हाला डोळे झाकून येतं, त्याला येत नाही. गोळी द्यायची असेल तर एक गोळी त्याच्या हातून द्या. कुत्र्याला तुमच्यासोबत आणि मग तुमच्याशिवाय दहा मिनिटं फिरवून आणू द्या. पंधरा दिवसांसाठी जाणार असाल तर त्याआधी एका रात्रीची रंगीत तालीम करा.

७. किती आधी ठरवावं?

सुट्ट्यांच्या दिवसांत दोन-तीन महिने आधी, एरवी तीन-चार आठवडे. तिकीट काढलं की त्याच संध्याकाळी सिटरला विचारा. बऱ्याच लोकांचा क्रम उलटा असतो आणि मग निघायच्या आदल्या दिवशी मला फोन येतो.

८. सूचनांचा कागद करायचा म्हणता, त्यात लिहायचं काय?

या एका कागदावर मी सगळ्यात जास्त भांडते. तुम्हाला जे इतकं सवयीचं झालंय की ते माहिती आहे हेच तुम्ही विसरलात, नेमकं ते लिहायचं.

खाण्यापासून सुरू करा. ‘एक वाटी’ लिहू नका. एका घरी मी स्वयंपाकघराचा खण उघडला तर आत चार आकारांच्या वाट्या, आणि कुत्रा डॉक्टरांनी सांगितलेल्या पथ्यावर. ग्रॅममध्ये लिहा, नाहीतर रोजचं माप खाण्याच्या डब्यातच ठेवून जा. खाऊ किती, कोणता, आणि काय अजिबात द्यायचं नाही तेही लिहा.

मग रोजचं वागणं. तो किती वेळा लघवी करतो, शी एरवी कशी असते, पाणी साधारण किती पितो. हे लिहिताना लोक लाजतात. पण ‘पातळ’ म्हणजे नेहमीपेक्षा पातळ की नेहमीसारखीच पातळ, हे मला कळणार कसं? घाबरला की कुठे लपतो, तेही लिहा: कपाटाच्या वर, वॉशिंग मशीनच्या मागे, दिवाणाच्या फाटलेल्या अस्तरात. कोणते शब्द कळतात तेही. तुम्ही ‘खाली’ म्हणत असाल आणि मी ‘उतर’ म्हणत बसले तर कुत्रा माझ्याकडे नुसता बघत राहतो.

कागदपत्रांत लसीकरणाची वही, सध्याचं वजन, मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा पंधरा अंकी क्रमांक, आणि दोन्ही बाजूंनी काढलेले स्पष्ट फोटो. वजन लिहायला विसरू नका. औषधाचा डोस वजनावर ठरतो, त्यामुळे रात्री फोनवर डॉक्टर तेच आधी विचारतात. नेहमीच्या व्हेटचा आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर, तुमचे दोन नंबर, आणि तुम्ही सापडला नाहीत तर निर्णय घेणाऱ्या एका माणसाचा नंबर.

शेवटी घर. पाण्याचा मुख्य कॉक, विजेचा बोर्ड, कचरा कधी आणि कुठे, कोणतं बटण अजिबात बंद करायचं नाही (मासे असतील तर प्रश्न १६ वाचाच). कागद फ्रिजवर लावा. फोनवर पाठवलात तरी लावा.

९. चावी कोणाला, किती, कशी द्यायची?

दोन चाव्या हव्यात. एक सिटरकडे आणि एक जवळ राहणाऱ्या भरवशाच्या माणसाकडे, आणि दोघांकडे एकमेकांचे नंबर. पायपुसण्याखाली किंवा कुंडीत चावी ठेवू नका.

ही अक्कल मला कशी आली ते सांगते. एका घरचं दार ओढलं की आपोआप लॉक होणारं होतं. सकाळी कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवायला एक पाऊल टाकलं, वाऱ्याने दार लागलं. आत कुत्रा, माझा फोन, चावी. बाहेर मी, पायात घरातल्या स्लिपर, हातात कचरा. दुसरी चावी मालकांच्या बहिणीकडे होती, पण तिचा नंबर आतल्या फोनमध्ये. खालच्या मजल्यावरच्या लोकांनी कोणाकोणाला विचारून तो मिळवून दिला तेव्हा अडीच तास झाले होते. तेव्हापासून मी चावी गळ्यात अडकवते आणि दोन नंबर पाठ करते. तुमचं दार असं असेल तर कागदावर पहिली ओळ तीच लिहा.

दाराला कोड असेल तर सिटरसाठी वेगळा कोड करा आणि परतल्यावर तो काढून टाका.

१०. घरात कॅमेरे आहेत. सांगायला हवं का?

हो, निघण्याआधी, कोणत्या खोलीत कुठे आहेत तेही. जिथे सिटर झोपणार किंवा कपडे बदलणार तिथला कॅमेरा बंद करा किंवा काढा. बिनसांगता लावलेला कॅमेरा सापडला की चांगले सिटर पुन्हा येत नाहीत, आणि काही ठिकाणी तो कायद्यातही अडकतो. बाकी कॅमेऱ्याला माझी हरकत नाही. मी फेरीला पाच मिनिटं उशिरा पोहोचले हे तुम्हाला दिसलं, तर मी सोफ्याखाली हात घालून अर्धा तास मांजर शोधत होते हेही दिसेल.

११. पैसे ठरवताना काय काय बोलून घ्यावं?

दर फेरीचा की रात्रीचा, किती प्राण्यांचा, औषधं द्यायची असतील तर वेगळा का, सुट्टीच्या दिवसांचा जास्त का. आगाऊ किती, आणि प्रवास रद्द झाला तर त्यातलं परत किती. झाडांना पाणी, टपाल आत आणणं ही कामं यादीत असतील तर आधी सांगा. निघताना दारातून ‘आणि तेवढं जरा...’ असं सुरू करू नका. दवाखान्याच्या खर्चाची रक्कम वेगळी ठेवायची, ती सिटरच्या पैशांत धरायची नाही (प्रश्न १३). सगळं एका मेसेजमध्ये लिहून दोघांनी ‘हो’ म्हणा. करारनामा म्हटलं की लोक बिचकतात, पण मेसेजनेही भागतं.

१२. रोज गोळ्या किंवा इन्सुलिन द्यावं लागतं. सिटरवर सोपवता येईल?

गोळ्या, कानातले-डोळ्यातले थेंब यांचं होतं. दिवसागणिक वेगळ्या कप्प्यांच्या डबीत भरून ठेवा, आणि देऊन झालं की सिटरने कागदावर वेळ लिहायची. दोन माणसं आळीपाळीने येत असतील तर हा कागद नसेल तिथे हमखास दोनदा डोस जातो.

इन्सुलिनसाठी आधी इंजेक्शन दिलेला माणूसच घ्या. तुमच्यासमोर दोनदा त्याच्या हातून द्या, सकाळी आणि संध्याकाळी. सिरिंजकडे खास लक्ष. प्राण्यांचं काही इन्सुलिन यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. माणसांचं बहुधा यू-१००. सिरिंजही त्या त्या मापाची वेगळी असते. यू-१०० इन्सुलिन चुकून यू-४० च्या सिरिंजमध्ये त्याच आकड्यापर्यंत भरलं तर डोस अडीचपट जातो. म्हणून औषध आणि सिरिंज एकाच डब्यात ठेवा आणि जास्तीच्या सिरिंज त्याच प्रकारच्या आणून ठेवा. बाटली फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही.

सिटरला तीन गोष्टी पाठ हव्यात. प्राण्याने खाल्लं नाही किंवा उलटी केली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेहमीचा डोस द्यायचा नाही. डोस गेला की नाही अशी शंका आली तर पुन्हा द्यायचा नाही. आणि प्राणी लडखडला, सुस्तावला, झटके आले तर साखर उतरली असं समजून हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळायचा आणि तसंच दवाखान्यात निघायचं.

१३. मी नसताना तो आजारी पडला तर? सिटर डॉक्टरकडे नेऊ शकतो?

नेऊ शकतो, पण तुम्ही आधी दवाखान्यात कळवून ठेवलं असेल तर सोपं जातं. जाण्याआधी व्हेटला लिहून द्या: अमुक तारखांना ही व्यक्ती प्राण्याला आणेल, इतक्या रकमेपर्यंत उपचार करा, त्यापुढे मला विचारा, मी सापडलो नाही तर अमुक व्यक्तीला. रक्कम लिहिणं अवघड वाटतं. पण रात्री दोनला ऑपरेशन करायचं की नाही हा निर्णय सिटरवर पडू देऊ नका. पैसे कसे जाणार तेही ठरलेलं असू दे.

काही लक्षणांना सकाळपर्यंत थांबायचं नसतं. पोट फुगलंय आणि ओकायचा प्रयत्न करतोय पण काही पडत नाही, विशेषतः मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत: जठर पिळलं गेलेलं असू शकतं, तिथे तासांचा हिशेब असतो. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेला झटका किंवा दिवसात दुसऱ्यांदा आलेला. पांढऱ्या, निळसर किंवा विटकरी हिरड्या. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारं मांजर. लघवीसाठी कुंथणारा बोका (प्रश्न ४). उन्हात किंवा बंद खोलीत राहून धापा टाकणारा, लाळ गाळणारा कुत्रा; त्याला आधी साध्या पाण्याने भिजवून वारा घालायचा आणि मग निघायचं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं, त्यामुळे हाताला गरम लागला म्हणून ताप आहे असं धरू नका.

घरातल्या औषधांच्या डब्याला कोणीही हात लावायचा नाही. माणसांची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

१४. निघण्याआधी घरातून काय काय उचलून ठेवावं?

मांजर असेल तर लिलीची फुलं आधी. पाकळी, पान, परागकण, एवढंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. आणि हो, सिटरचं स्वागत म्हणून फुलं ठेवू नका, कोणी ठेवली असतील तर त्यात लिली नाही ना बघा.

कुत्र्यासाठी चॉकलेट, द्राक्षं आणि बेदाणे, कांदा-लसूण, आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) घातलेलं च्युइंग गम किंवा बिनसाखरेच्या गोळ्या. झायलिटॉलने कुत्र्याची साखर अर्ध्या-एक तासात धाडकन उतरू शकते. सिटरच्या स्वतःच्या पर्समध्येही असं गम असतं, म्हणून पर्स उंचावर टांगायला सांगा.

कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या गोचीड-पिसवांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजरांना विषारी आहे. घरात दोन्ही असतील तर निघायच्या दिवशी हे औषध टाकू नका. चुकून बदललं तर निस्तरायला तुम्ही नसाल.

१५. आमचा कुत्रा अनोळखी माणसाला घरात येऊच देत नाही.

आधी खरं सांगा. ‘तसा चावत नाही’ या वाक्याने मला दोनदा टाके पडले आहेत. कधी चावला, कोणाला, कशावरून, हे सांगितलंत तर बहुतेक वेळा मार्ग निघतो: चार-पाच ओळखभेटी, पहिली भेट घराबाहेर चालताना, सिटरने त्याच्याकडे रोखून न बघणं, हात डोक्यावरून न नेणं, खाऊ हातातून न देता जमिनीवर टाकणं. जाळीच्या मुस्क्याची सवय आठवडाभर आधीपासून हसतखेळत लावता येते. तरीही जमत नसेल तर त्याला आधीपासून ओळखणारा माणूसच शोधा, नाहीतर प्रश्न २ कडे परत जा.

१६. आमच्याकडे कुत्रा-मांजर नाही, ससा (पक्षी, मासे) आहे. तरी सिटर लागतो?

सशाला तर मांजरापेक्षा जास्त लागतो. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास त्याने खाल्लं नाही, लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ आहे. म्हणून दिवसातून दोन फेऱ्या आणि सिटरला लेंड्या मोजायची तयारी. गिनिपिगचं बरंच तसंच, शिवाय त्याच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातून जायला हवं.

पक्षी असेल तर मुक्कामी सिटरला स्वयंपाकघर दाखवताना सांगा: नॉनस्टिक तवा रिकामा तापू द्यायचा नाही. खूप तापल्यावर त्याच्या लेपातून निघणारा धूर पक्ष्याला मिनिटांत मारतो, माणसाला वासही येत नाही.

मासे सगळ्यात सोपे आणि सगळ्यात जास्त मारले जातात ते प्रेमाने. निरोगी मोठे मासे काही दिवस कमी खाऊन मजेत राहतात; जास्त टाकलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया वाढतो. रोजची चिमूट वेगवेगळ्या पुड्यांत बांधा, वर वार लिहा, बाकीचा डबा लपवा. फिल्टरच्या बटणावर चिकटपट्टी लावून ‘बंद करू नये’ लिहा.

१७. सिटर म्हणतो मांजर दिसतच नाही. घाबरायचं का?

पहिले दोन दिवस, नाही. सिटरने पुरावे बघायचे: ताटली कमी झाली का, लिटर वापरलंय का. दोन्हीचं उत्तर हो असेल तर मांजर आहे आणि रात्री फिरतंय. त्याला ओढून काढायचं नाही. मी जमिनीवर बसून फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलत बसते. साधारण तिसऱ्या दिवशी पलंगाखालून आधी मिशा येतात.

पुरावे नसतील तर घर पालथं घालायचं, कपाटं आणि खणांसकट. माझ्या हातून एकदा मांजर कपाटात कोंडलं गेलं होतं, स्वेटरवर झोपलेलं.

१८. आणि खरंच बाहेर पळालं तर?

सिटरने तुम्हाला लगेच कळवायचं, ‘आधी शोधून बघतो’ म्हणत तीन तास घालवायचे नाहीत. घरातलं मांजर बहुधा लांब जात नाही. जिना, गाडीखाली, झुडपात मुका होऊन बसतं. शांत वेळी, रात्री उशिरा, टॉर्च घेऊन शोधायचं. टॉर्चमध्ये डोळे चमकतात. कुत्रा पळाला तर मागे धावायचं नाही. खाली बसायचं, बाजूला बघायचं, जमलं तर उलट दिशेने पळायचं, कित्येक कुत्री मागे येतात.

मायक्रोचिपने प्राणी कुठे आहे हे कळत नाही. ती फक्त क्रमांक सांगते, तोही कोणी स्कॅनर फिरवला तर, आणि त्या क्रमांकापुढे तुमचा जुना फोन नंबर असेल तर तेवढाही उपयोग नाही. प्रवासाआधी नंबर तपासा, आणि त्या दिवसांसाठी गळ्यातल्या पट्ट्यावर सिटरचा नंबर लावा.

१९. रोज किती फोटो मागितले तर चालतात? व्हिडिओ कॉल करू का?

दर फेरीला एक फोटो आणि दोन ओळी: खाल्लं का, शी-लघवी झाली का. व्हिडिओ कॉल जपून. आवाज ऐकून काही कुत्री दारापाशी जाऊन तासभर रडत बसतात. तुमचं मन शांत होतं, त्याचं नाही.

२०. परतायला उशीर झाला, किंवा सिटरच आजारी पडला तर?

खाणं, लिटर आणि औषधं ठरलेल्या दिवसांपेक्षा चार-पाच दिवसांची जास्त ठेवा. सिटरला आधीच विचारा: मी अडकलो तर पुढचे दोन दिवस जमतील का, नाहीतर कोण? विमान रद्द झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. सिटर आजारी पडला तर दुसऱ्या चावीवाला (प्रश्न ९) निदान एक दिवस धकवू शकेल इतकं त्याला माहीत हवं. आणि घरी पोहोचलात की सिटरला मेसेज करा. तुमचा मेसेज येईपर्यंत मी पुढची फेरी रद्द करत नाही. ‘पोहोचले असतील’ असं धरून चालत नाही.

२१. आमचा कुत्रा खूप म्हातारा आहे. आम्ही नसतानाच गेला तर?

हा प्रश्न लोक शेवटी, निघता निघता, उभ्या उभ्या विचारतात. बसून विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. लगेच कळवायचं की प्रवास संपल्यावर? फार वेदना असतील आणि डॉक्टर शांतपणे निरोप द्यायला सांगत असतील, तर तुमची परवानगी आहे का? ती परवानगी व्हेटकडेही लेखी हवी, सिटरच्या सांगण्यावरून ते करणार नाहीत. तुम्ही येईपर्यंत थांबायचं का?

थांबायचं असेल तर शरीर काही तासांत ताठ होतं, त्याआधी अंग मुडपून कापडात गुंडाळायचं आणि बहुधा दवाखान्याच्या शीतपेटीत ठेवायचं. मृत्यूचं कारण तपासून हवं असेल तर थंड ठेवायचं, गोठवायचं नाही, कारण गोठवल्याने आतले अवयव तपासायला बिघडतात. घरात दुसरा प्राणी असेल तर त्याला एकदा जवळ येऊन हुंगू द्या.

चौदा वर्षांच्या एका कुत्रीच्या मालकांनी कागदाच्या अगदी खाली पेन्सिलने लिहिलं होतं, ‘रात्र असली तरी उठवा. आणि तिची निळी चादर धुतलेली वरच्या खणात आहे.’ मी पहिल्या रात्री तो खण उघडून चादर कुठे आहे ते बघून ठेवलं. त्या वेळी लागली नाही. त्यानंतर आणखी दोनदा मी तिच्याकडे राहून आले.